दोन सेटच्या मधली खुर्ची

मी सोलापुरात अग्निशमन केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर आहे. लोकांचा फोन आला की पत्ता लिहून घ्यायचा, घंटा द्यायची आणि गाडी बाहेर पडली की ती परत येईपर्यंत तिच्याशी वायरलेसवर बोलत राहायचं, हे माझं काम. नोकरीला अठरा वर्षं झाली. लागले तेव्हा या खोलीत बसणारी मी पहिलीच बाई. पहिला महिनाभर गाडीवरचे जवान माझा आवाज ऐकून क्षणभर गप्प व्हायचे आणि मग बोलायचे. पुढं सवय झाली. आता माझ्या रजेच्या दिवशी दुसऱ्या कुणाचा आवाज आला तर विचारतात, ताई कुठं गेल्या.

सांगायची गोष्ट आहे ती माझ्या टेबलावर दोन वायरलेस सेट होते त्या दिवसांची. दोन्ही चालू असायचे आणि दोघांचं एकमेकांशी काही बोलणं नसायचं.

आमचा सेट जुना. करडा, जड, बटणांवरचे आकडे पुसून गेलेला. गाड्यांवरही तसलेच. जुन्या सेटमधून माणसाचा आवाज जसाच्या तसा हवेत जातो. खरखर येते, पण गाडी लांब गेली तरी त्या खरखरीतून माणूस ऐकू येत राहतो. पोलिसांना मात्र नवे डिजिटल सेट मिळाले होते. हे सेट आवाजाचे आधी आकडे करतात, ते आकडे पाठवतात आणि पलीकडचा सेट त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करतो. ऐकायला अगदी स्वच्छ. पण ते आकडे आमच्या सेटवर आले तर नुसती घरघर, आणि आमचा आवाज त्यांच्या सेटला ऐकूच जात नाही.

आग लागली की गाडी आमची जाते आणि रस्ता पोलीस मोकळा करतात. दोघांना एकमेकांचं ऐकायला नको का? म्हणून पोलिसांनी त्यांचा एक नवा सेट माझ्या टेबलावर आणून ठेवला. आमचे स्टेशन ऑफिसर म्हणाले, "ताई, इकडं जे ऐकाल ते तिकडं सांगायचं आणि तिकडचं इकडं. सोपं आहे."

सोपं होतंही. डाव्या हाताला जुना सेट, उजव्या हाताला नवा, मधे माझी खुर्ची. डावीकडून आवाज आला, "कंट्रोल, पुढं वरात आडवी हाय, गाडी निघंना," की मी उजवीकडचा माइक उचलून तेच सांगायचे, "वरातीमुळं गाडी अडकली आहे, कुणी जवळ आहे का?" उजवीकडून उत्तर यायचं, "दोन मिनिटं सांगा त्यांना." मी डावीकडं वळून सांगायचे, दोन मिनिटं. दिवसातून वीस-पंचवीस वेळा असं. मला त्याचं काही वाटायचं नाही, उलट बरं वाटायचं. दोन्हीकडच्या माणसांना माझी गरज होती.

फक्त घरी त्याची सवय लागली. सासूबाई म्हणायच्या, "आज मसूर कर गं." मी म्हणायचे, "आज मसूर करायची." त्या माझ्याकडं बघायच्या. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात मेकॅनिक आहेत, दिवसभर मागांच्या खडखडाटात असतात. ते म्हणाले, "तू सगळं दोनदा बोलतेस हे माझ्यासाठी चांगलंच आहे. पहिल्यांदा मला ऐकूच येत नाही."

अशी दोन वर्षं गेली असतील. मग अक्कलकोट रोड एमआयडीसीतली एक दुपार आली.

तिथल्या एका कारखान्याच्या सुताच्या गोदामात आग लागली होती. वर्दी आल्यावर पहिली निघाली बावीस नंबरची गाडी. तिचा ड्रायव्हर म्हणजे आमचे मामा. खऱ्या नात्यातले नव्हेत, सगळं केंद्र त्यांना मामाच म्हणतं. मूळचे मैंदर्गीचे, पन्नाशी ओलांडलेले, तीस वर्षं गाडीवर. बोलणं अजून पक्कं गावाकडचं. आग किती मोठी हे मला त्यांच्या शब्दांपेक्षा त्यांच्या आवाजावरून कळायचं. लहान असली की वाक्यं लांबायची, मोठी असली की तुटक व्हायची.

त्या दिवशी वाक्यं फारच तुटक होती. सुताचे गठ्ठे आतून धुमसत होते, वरून पाणी मारून भागत नव्हतं. दीड तासात मी किती वेळा डावीकडून उजवीकडं वळले याचा हिशेब नाही. घसा बसला होता. त्यात मामांचा आवाज आला, "कंट्रोल, बावीस. पाणी संपत आलंय. टँकर मागच्या गेटनं पाठवा, पुढनं न्हाय. पुढं सूत पसरलंय."

मी उजवीकडचा माइक उचलला आणि त्याच वेळी तिकडून पोलिसांचा प्रश्न आला, की अक्कलकोट रस्ता अजून किती वेळ बंद ठेवायचा आणि ॲम्ब्युलन्स आत सोडायची का. मी त्याचं उत्तर दिलं. मग टँकरचा निरोप दिला. देताना मी म्हणाले, "टँकर पुढच्या गेटनं घ्या."

टँकर पालिकेच्या पाणीपुरवठ्याचा, त्यात वायरलेस नव्हता, म्हणून त्याच्यापुढं वाट दाखवायला मोटरसायकलवर एक पोलीस होता. त्यानं इमानदारीनं टँकर पुढच्या गेटला नेला. तिथं कामगारांनी बाहेर ओढलेलं सूत आणि शेदीडशे सायकली. टँकर उलटा घेऊन मागं न्यायला दहा मिनिटं गेली. तेवढ्यात आगीनं गठ्ठ्यांची आणखी एक ओळ धरली. माणसांना काही झालं नाही, संध्याकाळी आग विझली. पण मला ते "पुढच्या" एकदम आठवलं, आपल्या तोंडून गेलेलं जसंच्या तसं ऐकू आलं.

कुणी विचारायच्या आत मी स्टेशन ऑफिसरांकडं गेले. "साहेब, चूक माझी आहे. मामांनी मागचं गेट सांगितलं होतं."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे लिहून द्या. काय झालं ते सगळं. तुमच्यावर कारवाई करायला नको आहे मला. एका माणसाच्या तोंडून दोन खात्यांचं बोलणं किती दिवस चालवायचं, हे वरच्यांना कळू दे."

मी खोलीत येऊन लिहायला बसले. मामा परत आले होते, बुटांतून पाणी ओतत दाराशी बसले होते. मी त्यांनाही सांगितलं.

"कळलं मला तितंच," ते म्हणाले. "टँकर पुढं दिसला तवाच कळलं."

"मामा, मला फार वाईट वाटतंय."

"ताई, कान दोन असले तरी ऐकनारी तुमी एकच की. मी बी दोन पाइप एका हातानं धरत न्हाय." मग ते उठले आणि म्हणाले, "च्या सांगा. लई कोरड पडलीय."

माझा कागद वर गेला. त्या एका कागदामुळंच सगळं झालं असं मी म्हणत नाही, पण चार-पाच महिन्यांनी पोलिसांच्या वायरलेस विभागातले एक तंत्रज्ञ आमच्या खोलीत आले. अंगानं बारीक, शर्टाच्या खिशाला तीन पेनं, बोलणं कमी. अक्कलकोटहून रोज येऊन-जाऊन करणारे. मी त्यांना साहेब म्हटलं तर म्हणाले, "साहेब नको, काम करताना गुदमरल्यासारखं होतं." तरी मी साहेबच म्हणत राहिले, दुसरं काय म्हणणार.

त्यांनी पिशवीतून एक काळा डबा काढला, चपातीच्या डब्यापेक्षा थोडा मोठा. एक जुना सेट आणि एक नवा सेट फळीवर कायमचे ठेवायचे आणि हा डबा मधे जोडायचा. जुन्या सेटनं जे ऐकलं ते डबा नव्याच्या तोंडात घालणार आणि नव्यानं ऐकलेलं जुन्याच्या.

"म्हणजे मी करते तेच," मी म्हटलं.

"तेच. फक्त त्याला तहान लागत नाही."

पण काम दोन दिवसांचं म्हणून आले ते आठ दिवस चाललं. अडचण आमच्या जुन्या सेटची होती. त्याच्या पाठीमागं वायरी जोडायची एक जागा होती, पण कुठल्या टोकात काय आहे याचा नकाशा कुणाकडंच नव्हता. बनवणाऱ्यांनी तो सेट बनवणं कधीच सोडलं होतं. साहेब टेबलाखाली आडवे होऊन मीटर लावून एकेक टोक तपासत आणि वहीत स्वतःच नकाशा काढत. फोन नसेल तेव्हा मी बॅटरी धरून बसायचे. एकदा फोनची घंटा वाजली म्हणून मी बॅटरी घेऊनच उठले आणि ते अंधारात तसेच पडून राहिले. मी परत आले तेव्हा शांतपणे म्हणाले, "आग कुठं आहे?" कचऱ्याला लागली होती.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी डब्यातून पहिला आवाज इकडून तिकडं गेला. मला वाटलं झालं. ते म्हणाले, "आता खरं काम आहे आणि ते तुमचं आहे. मीटर मला सांगतं आवाज किती आहे. माणूस काय बोलतोय ते कळतंय का, हे मीटर सांगत नाही. ते तुम्ही सांगायचं."

मग ते छोट्या पेचकसानं डब्यातला स्क्रू केसभर फिरवायचे आणि मी सेट कानाला लावून ऐकायचे.

"आता कसं?"

"सर्दी झाल्यासारखं."

"आता?"

"बरं आहे. पण 'मागं' आणि 'भागं' एकच ऐकू येतंय."

ते वहीत लिहायचे. वहीत एका बाजूला आकडे आणि दुसऱ्या बाजूला माझे शब्द, सर्दी, माठात तोंड घालून, दात काढल्यासारखं. इतक्या वर्षांत माझ्या ऐकण्याला कुणी काम म्हटलं नव्हतं. बोलणं म्हणजेच काम असं मीसुद्धा समजत होते. त्या आठ दिवसांत घरी जाताना अंगात एक उत्साह असायचा. मी मिस्टरांना स्क्रूच्या गोष्टी सांगायचे आणि ते मेकॅनिक असल्यामुळं त्यांना त्या कंटाळवाण्या वाटत नसत.

चाचणी एका मोकळ्या मैदानावर घ्यायची ठरली. मामा बावीस नंबर घेऊन तिथं, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला नाक्यावर एक पोलीस हवालदार नवा सेट घेऊन. मी आणि तंत्रज्ञ साहेब खोलीत, हात न लावता नुसते ऐकायला. ठरलेला प्रकार असा की मामांनी सांगायचं, दुसरी गाडी नको, इथं सगळं ठीक आहे.

मामा बोलले, "नको दुसरी गाडी, हितं सगळं ठीक हाय."

नव्या सेटवर आम्ही ऐकलं, "दुसरी गाडी, हितं सगळं ठीक हाय."

पलीकडचा हवालदार हुशार. तो लगेच म्हणाला, "दुसऱ्या गाडीसाठी रस्ता मोकळा करतो," आणि खरोखरच नाक्यावरची वाहतूक थांबवली.

पुन्हा केलं. मामा म्हणाले, "बावीस बोलतोय." पलीकडं पोचलं, "वीस बोलतोय." वीस नंबरची गाडी आमच्याकडं आहे, ती त्या वेळी दुरुस्तीला उभी होती.

साहेबांनी डोक्याला हात लावला नाही, त्यांना ते अपेक्षित होतं. मला समजावून सांगितलं. जुन्या सेटचं बटण दाबलं की लगेच आवाज निघतो. डब्यानं तो ऐकायचा, मग नव्या सेटचं बटण दाबायचं, मग नव्यानं पोलिसांच्या यंत्रणेकडं बोलायला जागा मागून घ्यायची आणि मग बोलणं सुरू. यात अर्ध्या-पाऊण सेकंदाचा उशीर होतो आणि तेवढ्यात बोललेलं वाहून जातं. उपाय एकच. बटण दाबायचं, मनात एक म्हणायचं आणि मग बोलायचं.

तसा कागद टाइप करून प्रत्येक गाडीत चिकटवला. सगळ्यांना बोलावून सांगितलं. नवी पोरं शिकली. मामा काही शिकेनात. तीस वर्षं बटण आणि तोंड एकाच वेळी चाललेलं. "थांबतो की," म्हणायचे आणि थांबायचे नाहीत. चिडायचे नाहीत, पण ओशाळायचे, आणि ते मला बघवत नव्हतं. त्यांना बावीसवरून काढून वायरलेस नसलेल्या कामावर घालावं अशी कुजबुजही मी ऐकली.

तेव्हा एका दुपारी मी जेवणाचा डबा खात होते. मामा दाराशी उभे राहून मोबाइलवर मुलीशी बोलत होते. "ऐका की, ती शेंगांची पोती आली का?" थोड्या वेळानं, "ऐका की, जावयांना सांग." मी खाता खाता थांबले. मामा फोनवर, चहाच्या टपरीवर, साहेबांसमोर, कुठंही बोलायला लागले की पहिला शब्द "ऐका की". स्वतःच्या मुलीलासुद्धा. फक्त वायरलेसवर नाही. आणि वायरलेसवर का नाही, तर मीच ते बंद करायला लावलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी, फार शहाणपणा होता तेव्हा, मी त्यांना म्हटलं होतं, "मामा, वायरलेसवर फालतू शब्द नकोत. मुद्द्याचं बोला." त्यांनी ते तेव्हापासून पाळलं होतं.

मी हात धुऊन त्यांच्याकडं गेले. "मामा, वायरलेसवर आधी 'ऐका की' म्हणा आणि मग सांगायचं ते सांगा."

"तुमीच न्हाय म्हनला होता."

"चुकले होते. आता म्हणा."

त्यांनी गाडीत चढून बटण दाबलं. नव्या सेटवर मी ऐकलं, "...की, नको दुसरी गाडी, हितं सगळं ठीक हाय."

डब्यानं "ऐका" खाल्लं आणि बाकीचं सगळं आणून दिलं. तंत्रज्ञ साहेबांना मी फोन केला. मला वाटतं ते हसले, कारण श्वास ऐकू आला. "पाऊण सेकंद," ते म्हणाले. "मोजून घेतलं तरी इतकं बरोबर येणार नाही." दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी घड्याळ लावून मामांचं "ऐका की" मोजलंसुद्धा.

हळूहळू सगळेच तसं बोलायला लागले. टाइप केलेला कागद गाड्यांमध्ये अजून आहे, पण चालतं ते मामांचं. पोलिसांकडूनही एक दिवस आवाज आला, "...की, फायर कंट्रोल, रस्ता मोकळा आहे." मी जवानांकडं बघितलं आणि आम्ही सगळे हसलो.

आणखी एक खोड राहिली होती. मामा पंपाशेजारी उभे राहून बोलले की नव्या सेटवर त्यांचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा व्हायचा. साहेब म्हणाले, नवा सेट माणूस कोण आणि पंप कोण हे ओळखायला जातो आणि दोघांची खिचडी करतो. त्यावर उपाय साधा होता, पंपाकडं पाठ करायची, माइक तोंडाजवळ धरायचा आणि हळू बोलायचं. आगीपाशी ओरडायची सवय असलेल्या माणसांना हळू बोला सांगणं अवघड जातं, पण जमलं.

एकदा तर गंमत झाली. एका गाडीतल्या जवानाचा माइक सीटवर पडला आणि दुसरा त्यावर बसला. बटण दाबलेलंच राहिलं. गाडीत चर्चा चालली होती की मटणाच्या रश्शात काळा मसाला आधी घालावा की नंतर. पूर्वी हे फक्त आम्ही ऐकलं असतं. आता डब्यानं ते इमानानं पोलिसांकडंही पोचवलं. दोन्हीकडचे सेट त्या रश्शानं सात-आठ मिनिटं अडवून ठेवले. शेवटी मी फोन करून त्या जवानाला उभं केलं. त्यानंतर साहेबांनी माझ्या टेबलावर एक लाल खटका बसवून दिला. वर केला की दोन्ही सेट जोडलेले, खाली केला की वेगळे. कधी जोडायचं आणि कधी तोडायचं हे ठरवायचं मी. लेखी आदेशात तसं लिहूनही आलं. माझं काम डबा घेऊन जाणार, असं मला मधल्या काळात एक-दोनदा वाटून गेलं होतं. ते खटका बसला त्या दिवसापासून वाटेनासं झालं.

खरी परीक्षा झाली हैदराबादच्या रस्त्यावर. सकाळी अकराच्या सुमारास गॅसचा टँकर उलटल्याचा फोन आला. वास येतोय, असं फोनवरचा माणूस म्हणाला. मी घंटा दिली, गाड्या गेल्या आणि खटका वर केला.

पुढं जे झालं त्यात मी बोलले फार थोडं. मामांनी गाडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावली आणि टँकरवर पाण्याचा फवारा धरला. पोलिसांनी दोन्ही बाजूंची वाहतूक लांब अडवली, शेजारच्या वस्तीतल्या लोकांना चुली विझवून बाहेर काढायला सुरुवात केली. त्या लोकांना घेऊन निघालेला हवालदार आणि मामा थेट बोलत होते. मी ऐकत होते.

साधारण तासाभरानं मामांचा आवाज आला. "ऐका की, वारं फिरलंय. तुमी जितं हाय तितं वास येनार. माणसं घिऊन कॅनॉलच्या अंगाला सरका."

उत्तर लगेच आलं. "ऐका की मामा, सरकतोय. साठेक माणसं आहेत, दोन म्हाताऱ्या चालत नाहीत, उचलून घेतो."

"घाई करा, पळवू नका. बिडी कुनाची असंल तर काढून घ्या."

"घेतल्या आधीच."

माझा हात माइकवर गेला होता, जुन्या सवयीनं. तो निरोप मी दिला असता तर किती वेळ गेला असता, हे मी मनात मोजलं. अर्धं मिनिट, कदाचित थोडं जास्त. आणि "कॅनॉलच्या अंगाला" याचं मी "कॅनॉलकडं" केलं असतं की "कॅनॉलपलीकडं"? मी हात मांडीवर ठेवला. खोलीत पंखा फिरत होता. मला रिकामं वाटलं नाही. आतापर्यंत दोघांचं ओझं मी वाहत होते आणि आता ते आपापलं घेऊन चाललेत, तेही नीट, असं काहीसं वाटत होतं.

तेवढ्यात दुसरा फोन आला. एका दुकानाच्या मीटरमधून धूर येत होता. ती गाडी सुटली तर तिचं बोलणं या जोडलेल्या रस्त्यावर येऊन मामांच्या मधे पडणार. मी त्या गाडीला निघायच्या आधीच दुसऱ्या चॅनेलवर टाकलं आणि तिच्याशी वेगळ्या हातसेटवरून बोलले. मीटरची आग दहा मिनिटांत विझली. हैदराबादच्या रस्त्यावर कुणाला कळलंही नाही की मधे काही झालं.

संध्याकाळी कंपनीचा दुसरा टँकर आला, गॅस त्यात घेतला आणि रस्ता खुला झाला. कुणाला इजा झाली नाही. मामा परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, पण बोलणं लांबलेलं होतं, म्हणजे मन निवांत होतं. खोलीत येऊन खुर्चीवर बसले. "ताई, आज तुमचा आवाजच न्हाय आला. मला वाटलं रजेवर गेल्या का काय."

"इथंच होते. सगळं ऐकत होते."

"मग बरं," ते म्हणाले.

आठवड्यानं एक उंच, तरुण हवालदार केंद्रात आला आणि दाराशी उभा राहून विचारायला लागला, बावीसवरचे मामा कोण. दोघं दीड-दोन तास एकमेकांशी बोलले होते, पण टँकरच्या दोन बाजूंना असल्यामुळं तोंड बघितलं नव्हतं. मामा गाडी धूत होते. त्याला वाटलं होतं मामा दांडगे असतील. मामांना वाटलं होतं हवालदार वयस्क असेल. दोघं एकमेकांकडं बघून थोडा वेळ अवघडले, मग मामा म्हणाले, "त्या म्हाताऱ्या बऱ्या हायत न्हवं?" तो म्हणाला, "व्हय मामा, एकीनं मला ताक पाजलं." मग दोघं चहाला गेले.

पुढच्या हिवाळ्यात अक्कलकोटला तसाच डबा बसवायचं ठरलं. तंत्रज्ञ साहेबांनी वर लिहून मागणी केली की ऐकण्यासाठी सोलापूरची ऑपरेटर दोन दिवस पाठवावी. माझ्या नावानं पत्र आलं. इतक्या वर्षांत मला कामासाठी कुणी कुठं बाहेर पाठवलं नव्हतं. सासूबाईंनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं आणि वस्तीतल्या विहारात जाऊन आणखी चार बायकांना सांगितलं. मी इस्त्रीची साडी नेसून एसटीत बसले.

दोन्ही दिवस सेट कानाला लावून बसले. तिथली गाडी मैंदर्गीच्या बाजारापर्यंत नेऊन बघितलं, तिथून बोललेलं कसं येतं ते. बाजाराचा दिवस होता, मागं माणसांचा गलका, कुणी मराठीत भाव करतंय, कुणी कन्नडमध्ये. साहेब स्क्रू फिरवत होते. तिथल्या जवानांची पहिला शब्द वाया घालवायची स्वतःची रीत होती, ते "हं सर" म्हणत. मी म्हटलं, चालेल, थोडं लांबवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी जेवायला घरी नेलं. त्यांच्या मिसेस माझ्याशी मराठीत सुरू करत आणि कन्नडमध्ये संपवत. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, वांग्याची भाजी. मी चार भाकरी खाल्ल्या. त्यांनी पाचवी वाढली तेव्हा नको म्हणायला उशीर झाला होता.

परतीच्या एसटीत मला खिडकी मिळाली. अक्कलकोट रोडला आलो तेव्हा कारखान्यांची पाळी सुटत होती आणि रस्ताभर सायकली. मिस्टर त्यांच्या कामावरून सरळ स्टँडवर आले होते, हातात सकाळीच घरून घेतलेला माझा स्वेटर. थंडी पडली होती. मी तो घातला, मोटरसायकलवर मागं बसले आणि आम्ही मंडईतून मेथी घेऊन घरी गेलो.